तिसरा सैनिक

नाटकात मला एकच वाक्य होतं.
हरलेला सेनापती समुद्राकडे तोंड करून म्हणतो,
"जा. तुमची शपथ मी तुम्हाला परत देतो.
उद्या त्याच्या छावणीत भाकरी मिळेल."
पहिला सैनिक जातो.
दुसरा ढाल खाली ठेवून जातो.
तिसरा मी. वीज मंडळ, काउंटर चार,
वाढीव बिलांच्या तक्रारी.
मी म्हणायचं, "मी जात नाही."

रोम आम्ही गांधीबागेतून आणलं,
पांढऱ्या चादरी, ठोक भावात.
शिरस्त्राणांवर झाडूच्या काड्यांचे तुरे, लाल रंगवलेले.
घाम आला की रंग कपाळावर उतरायचा
आणि दिग्दर्शक म्हणायचे, असू द्या, जखमा वाटतात.

कवायत शिकवायला कामठीहून यायचे
रिटायर हवालदार डोमाजी कुमरे,
लूनावरून, कानाला मफलर, बुटांत दिव्याची ट्यूब दिसेल अशी पॉलिश.
पहिल्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला नुसतं उभं केलं,
गोकुळपेठेतल्या शाळेच्या हॉलात, पाऊण तास.
फळ्यावर कुणाचा तरी लसावि अर्धा राहिलेला.

माझं वाक्य ऐकून ते माझ्याभोवती एक फेरी फिरले.
"नाही जी. तुमी तं खांबावानी उभे हा.
खांब कुठी जाते का? त्याच्या थांबन्याले काय किंमत?
पाय निंगाले पाह्यजे.
मानूस थांबला पाह्यजे."

मग मी काउंटरखाली सराव केला.
समोर माणूस मीटरचा फोटो दाखवत ओरडत असायचा,
आणि टेबलाखाली माझे पाय
छावणी सोडून निघालेले.

एकदा तालीम संपल्यावर, लॉ कॉलेज चौकात,
चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून ते बोलले.
"मले बी म्हनलं होतं साहेबानं. जाय डोमा.
बरफ होता. त्याइच्या पोटाले म्या मफलर बांधला.
हुकूम होता. म्या हुकूम मोडला नाही.
निरोप खाली पोचला, सतरा जन वाचले.
बराबर केलं, म्हनते सारे."
ग्लास ठेवला.
"बराबरच केलं."
मग लूनाला किक मारली. चार वेळा. पाचव्यांदा लागली.

प्रयोगाला ते तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर.
कोटावर एकही पदक नाही.
सेनापती म्हणाला, जा.
पहिला गेला. दुसऱ्याची ढाल पडली,
पत्र्याचा आवाज ठरल्यापेक्षा जास्त वेळ घुमत राहिला.
आणि खरंच माझा उजवा पाय निघाला,
मी न सांगता.
तेवढ्यात अंधारात एक खुर्ची खाडकन मिटली.
दाराचा पडदा हलला, रस्त्याच्या उजेडाची एक पट्टी,
तिच्यात चकचकीत बूट,
बाहेर जाणारे.

मी म्हणालो, "मी जात नाही."
परीक्षकांपैकी कुणी तरी काही तरी लिहिलं.

ते पार्किंगमध्ये सापडले, लूनाच्या सीटवर आडवे बसलेले.
"बोललात का?"
बोललो.
"पाय?"
निघाले होते.
मान हलली. बराच वेळ गेला.
सीताबर्डीकडून एक वरात गेली, जनरेटरसकट.
"मंग साहेब काय म्हनले?"

मी सांगितलं, संहितेत सेनापती काहीच म्हणत नाही.
सैनिकाच्या खांद्यावर हात ठेवतो. पडदा.

"अस्सं," ते म्हणाले,
आणि त्यांचा डावा खांदा किंचित खाली झाला,
ओझं घ्यायला व्हावा तसा.

माझ्या तळव्याला तलवारीचा चंदेरी रंग लागलेला होता,
कोट खराब झाला असता,
म्हणून मी हात ठेवला नाही.

म्हणजे, म्हणून नाही.