खुलासा मागवला आहे

रात्री पावणेदहाला अहवाल परत आला.
चार ठिकाणी लाल.

एक : बिलाच्या फोटोत आपला अंगठा आहे,
तारीख झाकली गेली आहे.
दोन : आरशात तपासनीस दिसत आहेत.
तीन : प्रश्न चौदा, कर्मचाऱ्याचे वर्तन.
आपण लिहिले आहे,
'कर्मचारी संपूर्ण वेळ नग्न होता.'
कृपया खुलासा करावा.

मी एकटीच हसत सुटले,
कोपरखैरण्यात, सेक्टर एकोणीसमध्ये,
कुकरचं झाकण हातात धरून.
नम्र हो, नम्र!
एवढ्याशा जोडाक्षरात मुलाचे कपडे उतरवले मी
आणि खाली 'माहिती सत्य आहे' वर टिचकीही मारली.

परीक्षक क्रमांक एक्केचाळीस हसले का, ठाऊक नाही.
दोन वर्षं मी त्यांना लाल अक्षरांतच ओळखते.
त्यांनी मात्र मला आज पाहिलं असणार,
सीवूड्सच्या त्या बुटांच्या दुकानात,
आरशाच्या खालच्या कोपऱ्यात :
एक पाय चपलेत, एक उघडा,
मोबाईल पोटाशी दडवलेला,
चेहरा असा, की मीच काही उचलून पळणार आहे.

बोटानं चौकट आत ओढते.
आधी चेहरा जातो, मग खांदा, मग उघडा पाय.
पायाशी बसलेला मुलगाही
जवळजवळ सगळा जातो.
उरतो शूहॉर्न धरलेला हात
आणि मागे सवलतीचा फलक, जो त्यांना हवा होता.

निकेश मढवी.
प्रश्न पाच, नावाची पाटी सरळ होती का : होय.
प्रश्न सात, किती सेकंदांत नमस्कार : बारा.
'मावशी, डावा पाय थोडा मोठा आहे तुमचा,'
म्हणाला, आणि आतून अर्धा नंबर वरचा जोड घेऊन आला.
पंचावन्न वर्षं मी दर वेळी
डावी चपल चावते म्हणून कंपनीला शिव्या दिल्या.
यासाठी रकाना नाही.

पाच जोड काढले त्यानं.
मी घेतल्या नाड्या.
एकोणनव्वद रुपये. परतावा शंभरपर्यंतच मिळतो.

बिल पुन्हा टेबलावर, ट्यूबखाली.
चारी कोपऱ्यांवर चार वाटाणे ठेवले, तेव्हा सपाट झालं.

चौथं लाल मी मुद्दाम मागे ठेवलंय.
प्रश्न एकोणीस : मोजे सुचवले का?
आपण 'होय' म्हटले आहे.
कर्मचाऱ्याचे नेमके शब्द लिहा.

नेमके शब्द पाठ आहेत मला.
मॅनेजर गल्ल्यावर आहे याची खात्री करून,
शूहॉर्न तोंडासमोर धरून तो म्हणाला,
'मोजे घ्या ना मावशी, पण इथे नको,
बाहेर, पुलाखाली, शंभरला तीन जोड. हाच माल.'
हाच माल होता. मी जाऊन बघितलं.

मुदत अकरापर्यंत.
वर ठळक सूचना :
फक्त चूक दुरुस्त करावी, उत्तर बदलू नये.
कर्सर उघडमीट करतोय.
समोरच्या इमारतीत कुणीतरी अजून भांडी घासतंय.

मी उत्तर बदलत नाही.
टाइप करते : मोजे घ्या ना मावशी
आणि स्वल्पविराम होता तिथे
पूर्णविराम देते.
वाचते. चष्मा पदरानं पुसून परत वाचते.
शुद्धलेखन बरोबर आहे.

दहा बावन्न. अहवाल स्वीकारला.
दर्जा, दहापैकी नऊ.
शेरा : बिलाचा फोटो किंचित तिरका. पुढील वेळी काळजी घ्यावी.
शाखेला मोज्यांचे पूर्ण गुण.

नाड्या खणात टाकते,
आधीच्या दोन जोडांशेजारी.
बूट माझ्याकडे नाहीतच.