विहीणबाईंना

सुवार्ताबाई, तिसऱ्या निवडता निवडता
तुम्ही परत तेच विचारलंत:
मातीच्या बाईपुढे गुडघे कशाला टेकता?

माती नाही, प्लास्टर आहे. मडगावहून आणली,
एस.टी.त मांडीवर. बांद्याच्या थांब्यावर
नाकाचा टवका उडाला.
देव नाही ती, मलाही ठाऊक आहे.
तुमच्या बायबलात रणभिसे मास्तरांचा चष्मा असतो,
दुसऱ्या शमुवेलात, खुणेला.
तो तुम्ही रोज पुसता.
कुणासाठी, मी कधी विचारलं नाही.

आणि मेलेल्यांशी बोलणं.
थिओफिलच्या ऑपरेशनच्या रात्री
तुम्ही अकरा घरी फोन केलात: प्रार्थना करा.
बारावा मी लावला, भिंतीपलीकडे,
सांत आंतोनला. तोही शेजारीच.
हाक दोनदा मारावी लागते, एवढंच.

रोझरी मात्र मला समजावता येत नाही.
पास्कूची होडी तीन रात्री परतली नाही
तेव्हा माझ्याकडचे शब्द संपले.
मणी होते.
पन्नास वेळा तेच, तेच,
जाळ्याच्या गाठी चाचपाव्यात तसं.
कुठे फाटलंय ते अंधारात बोटांनाच कळतं.
होडी आली नाही.
गाठी हातात राहिल्या.

परवा मृतांच्या दिवशी
तुम्ही फाटकाबाहेर थांबलात, माझी छत्री सांभाळत.
बंदराकडून वारा सुटला
आणि पास्कूच्या खुरसापुढे, जिथं खाली कुणीच नाही,
आत येऊन तुम्हीच
मेणबत्तीला हाताचा आडोसा धरलात.

ती प्रार्थना नव्हती, म्हणता.
बरं. नव्हती.

त्या उघड्या पडलेल्या तिसऱ्या तेवढ्या
बाजूला काढा.