मुदतवाढ

त्याचं आडनाव झालेस्की.
गवंड्यांना मागचं अर्धं लागत नव्हतं.
दस्तगीर मिस्त्री पहिल्याच भिंतीपाशी म्हणाला,
झालेसाहेब, झालं.
तो म्हणाला, अजून नाही,
आणि ओळंबा पुन्हा सोडला.

वळिवड्याच्या छावणीतले बाकीचे पोलिश लोक
अठ्ठेचाळीसपर्यंत बोटीनं गेले,
कुणी लंडनला, कुणी आणखी कुठे.
हा उलट्या गाडीत बसला,
मिरजेला उतरून सांगलीला आला,
टी-स्क्वेअर बंदुकीसारखा खांद्यावर.
का, ते मी अठरा वर्षांत विचारलं नाही.
मी त्याचा ट्रेसर, आण्णाप्पा मगदूम,
मॅट्रिक नापास, अक्षर चांगलं.

गणपती पेठेत हळदीच्या अडतीवर ऑफिस.
सुरुवातीची त्याची छपरं इतकी उभी
की दस्तगीर म्हणाला, यावर माकड ठरायचं न्हाई.
आमच्याकडे बर्फ घसरावा म्हणून, तो म्हणाला.
हितं काय घसरणार?
तो शिडीवरनं कौलांपर्यंत गेला,
खाली येऊन बोट दाखवलं.
पॉलिशच्या पिंपांतून उडालेली हळद.
उतार तेवढाच राहिला.

बांधलं ते फार नाही.
दोन शाळा, एक दवाखाना,
माधवनगरला कामगारांच्या अकरा खोल्या,
एका शेठजीचा बंगला, जो शेठजीनं दोनदा बदलायला लावला
आणि पैसे एकदाच दिले.
मराठी गवंड्यांकडून शिकलेलं,
तरी भिंतीला तो शेवटपर्यंत 'तो' म्हणाला.

हरिपूरची पेवं बघायला मात्र कामाशिवाय जायचा.
आधी कंदील सोडायचा; विझला नाही तर माणूस.
एकदा उतरला तो बराच वेळ वर येईना.
मी दोर हलवला.
कोपरा नाही रे इथे, खालून आवाज आला.
एकसुद्धा नाही.

रविवारी तो एकच नकाशा काढायचा.
एक गल्ली. डाव्या हाताला बेकरी,
मग चार मजली घर, लोखंडी कठड्याची गॅलरी,
मागच्या अंगणात अक्रोड.
दर रविवारी एखादी खिडकी इंचभर सरकायची.
सोमवारी मी ट्रेस करायचो.
कुणाचं काम? तर म्हणायचा, जुना गिऱ्हाईक.
त्या गावाचं नाव त्यानं मला एकदाच लिहून दाखवलं,
तीन भाषांत, तीन वेगळी नावं.
गाव तिथेच होतं. देश उठून गेला होता.

चौपन्न साली माझ्या हातून चूक झाली.
शाळेच्या फायलीतून तो कागद नगरपालिकेत गेला.
ओव्हरसियर उगारेंनी तपासला,
तांबड्या शाईत लिहिलं:
शेजाऱ्यापासून पाच फूट सोडावेत.
झाड तोडायचे असल्यास वेगळा अर्ज करावा.
आणि शिक्का. मंजूर. मुदत एक वर्ष.

मला वाटलं, नोकरी गेली.
तो कागद खिडकीशी धरून उभा.
खाली हमाल पोत्यांचा आकडा ओरडत होते.
मग म्हणाला,
पाच फूट कमीच. शेजारी चांगले नव्हते.

वर्ष संपायच्या आठ दिवस आधी
त्यानं मला अडीच रुपये आणि अर्ज दिला.
मुदतवाढीचे कारण: सामान मिळण्यास विलंब.
पुढच्या वर्षी: मजुरांची टंचाई.
मग: जागेचा ताबा मिळणे बाकी.
ते एकदा लिहिल्यावर पुढे तेच राहिलं.

सहासष्टच्या आषाढात तो गेला.
मिरजेत पुरला.
खड्ड्याचे चारी कोपरे गुण्यात आहेत का,
ते दस्तगीरनं स्वतः उतरून बघितलं.
मी पेवाचं बोललो नाही.

मार्चात मी अडीच रुपये घेऊन गेलो.
फी आता चार झाली होती.
उगारे निवृत्त. नवा पोरगा फायलीवरची धूळ झटकत म्हणाला,
ही जागा कुठल्या पेठेत येते ओ?
मी म्हटलं, शिक्का तुमचाच आहे.
त्यानं शिक्का पाहिला, जांभई दिली,
फॉर्म पुढे सरकवला.

बांधकामाची सद्यस्थिती, असा एक रकाना होता.
टाक बराच वेळ तसाच धरला.
मग चांगल्या अक्षरात लिहिलं:
झाडाला धक्का लावलेला नाही.