सोमवार, बुधवार, शुक्रवार

चरईतल्या डायलिसिस सेंटरात
तिसऱ्या खुर्चीवर लोहोकरे सर.
अडतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं,
आता त्यांचंच रक्त नळीतून बाहेर जातं,
गाळून परत येतं,
आणि हे चार तास
वर्गात कोणीतरी असावं म्हणून
मी.

पहिला प्रश्न सोपा होता.
वाकरूळकर म्हणजे पेणकडची, मग ज्यू कशी?
म्हटलं, सर, गलबत फुटलं म्हणतात, किनाऱ्याला लागलो,
तेलाचे घाणे घातले, शनिवारी बंद ठेवले,
गाव शनवार तेली म्हणायला लागलं.
पुरावा?
मी त्यांचा बीपी लिहून घेतला. एकशे साठ, नव्वद.
गलबताचा नाही, सर. तेलाचा आहे,
आजीच्या पदराला वास यायचा.

आणि टेंभी नाक्याला ते तुमचं, काय ते...
सिनेगॉग. आमची जुनी माणसं मशीदच म्हणायची.
सर हसले.
पाचव्या खुर्चीतल्या मुमताजबीही हसल्या,
डोळे न उघडता.

बुधवारी म्हणाले, मलिद्याबद्दल ऐकलंय. आणशील?
पोहे, ओला नारळ, केळं, खजूर,
एलियाहू नबीच्या नावाचं ताट.
मी त्यांचा रिपोर्ट पुढे धरला.
ताटातलं एकेक जिन्नस तुम्हाला बंद आहे, सर. पोटॅशियम.
ते म्हणाले, तुझ्या नबीपेक्षा हे कडक.
हे मात्र मी आईला सांगितलं नाही.

मग एका सोमवारी, अलार्म दोनदा वाजून गेल्यावर,
पायात गोळे आलेले, चेहरा पांढरा,
तरी प्रश्न सुटेना :
तुझा भाऊ गेला तेव्हा कुठे होता हा तुझा देव?

कोणी सांगितलं त्यांना, माहीत नाही.
जिभेच्या टोकाशी एक वाक्य आलं,
तुम्हाला तरी काय मिळालं न मानून,
या खुर्चीशिवाय?
आलं तसं गिळलं.
मशीनचा वेग कमी केला,
पाय चोळून दिले पोटरीपासून खाली,
हातमोजे बदलले. त्यात मिनिट गेलं.

मग म्हटलं, अकरा दिवस रूबेन आयसीयूत होता.
मी मागितलं. उत्तर आलं नाही.
मग?
मग शुक्रवार आला. आईचे हात थरथरत होते,
काडी मी ओढली.
एवढंच?
एवढंच, सर. त्याच्यापुढचं मलाही येत नाही.

सर छताकडे बघत राहिले.
फिल्टरमधून रक्त चाललेलं.
मी विचारलं, आणि तुम्ही कशाच्या भरवशावर येता इथे?
टोमणा नव्हता, त्यांनाही कळलं असावं.
बऱ्याच वेळाने म्हणाले,
या पडद्याच्या छिद्रांच्या. मोजून ठेवलेली असतात.
आणि तू सुई एकदाच टोचतेस, त्याच्या.

त्या शुक्रवारी लाइट गेली, मशिनं उशिरा लागली.
सहा वाजून गेले तरी सरांची चाळीस मिनिटं बाकी.
मी खिडकीकडे बघितलं नाही,
निदान मला तसं वाटलं.
सरांनी मोकळ्या हाताने महेंद्रला बोलावलं :
हिला सोड. सहा बावन्नला मावळतो.
तुम्हाला कसं माहीत, सर?
कॅलेंडरवर असतं. सूर्य मी मानतो.

रिक्षा मिळाली ती तलावपाळीला अडकली.
पाणीपुरीवाल्यांभोवती गर्दी,
पाण्यावर शेवटचा तांबूस पट्टा,
आणि सिग्नल, जो कोणाचाच नसतो.

सोमवारी सुई टोचताना त्यांनी विचारलं,
पोचलीस?
सात मिनिटं उशिरा.
मग? देव रागावला?
माहीत नाही, सर. आई रागावली.
ते इतके हसले
की हात हलला,
आणि सुई मला, कधी नव्हे ते,
दुसऱ्यांदा टोचावी लागली.