कोपर

धंतोलीतली दुपार, बाहेर सेहेचाळीस.
आत मी दुहेरी हातमोजे चढवून
स्क्रू मोजतेय. साडेसहा बाय पंचेचाळीस, चार नग.

टेबलावर पालथे डोमाजी नंदेश्वर,
सिल्लेवाड्याच्या खाणीत एकोणतीस वर्षं सर्व्हे मजदूर.
काल वॉर्डात म्हणाले,
"नकाशा खरा राह्यते बाई, पन दगड हालते.
म्हनून पाय ठेवाच्या आंधी
सबलीनं छत ठोकाचं.
खन्न वाजलं त चाला.
भद्द वाजलं त पाय मागं."
मी बीपीचा पट्टा सोडत होते.
हो हो म्हटलं.

डॉक्टर ऋत्विजा पांढरीपांडेंच्या डोळ्यांवर तो चष्मा.
मला दिसतं ते एवढंच :
रक्त, गॉज, पिवळसर चरबी,
मणक्याला चिमट्यानं धरलेली चांदणी
आणि तिचे चार पांढरे गोळे.
त्यांना दिसतो कातडीखालचा अख्खा माणूस,
हवेत उजळलेला,
हाडातून जाणारी निळी रेघ
आणि रेघेपासून चार मिलिमीटरवर
उजव्या पायाचं चालणं.

पहिला स्क्रू बसला. दुसरा.
तिसऱ्याला सक्शनची नळी ओढताना
माझा कोपर
चांदणीला लागला.
लागला म्हणजे, बसमध्ये
अनोळखी माणसाला लागतो तितकाच.

कुणी पाहिलं नाही.
रेघ निळीच असणार. स्थिर. देखणी.
चष्म्याला कुठून कळावं
की तो आता डोमाजींच्या शेजारचा
दुसराच डोमाजी दाखवतोय.

बावीस वर्षांची नोकरी.
मॉनिटरचे दोन ठोके, कदाचित तीन.

"मॅडम, माझा कोपर लागला."

ड्रिल थांबलं.
त्यांनी पॉइंटर हाडाच्या ओळखीच्या उंचवट्यावर टेकवला.
पडद्यावर त्याचं टोक
हाडाबाहेर, कशातच नसलेलं, तरंगत होतं.
"चष्मा वर घ्या कुणीतरी," एवढंच म्हणाल्या.
मग बराच वेळ
त्यांचं बोट जखमेत, नजर भिंतीवर,
जणू काही ऐकतायत.
"चला, पुन्हा जुळवू. पहिल्या बिंदूपासून."
मला त्या काहीच बोलल्या नाहीत.
अजूनही नाही.

रात्री वॉर्डात डोमाजी जागे.
"चष्म्यानंच केलं म्हंते सारं?"
"हो."
चादर सारून मी त्यांच्या उजव्या तळव्यावर
बोटाच्या पेरानं ठोकलं, हळूच.
पाय झटक्यात मागे गेला.
"काऊन वं बाई?"
"काही नाही," म्हटलं. "झोपा."