सप्रेम भेट

सालम बिन नासरची पिकअप कुरियातहून येते,
पाठीवर सुरमई आणि बर्फ, पोटात डिझेल.
"रफीक, चढावर दम नाही," असं
तो हातवाऱ्यांनी सांगतो
आणि स्वतःच्याच छातीवर थाप मारतो.

बॉनेट उघडलं. इनटेकच्या नळीत बोट घातलं,
दुसऱ्या पेरापर्यंत काळं.
कंदिलाच्या काचेवरची काजळी नव्हे ही;
ओली, चिकट, डांबराच्या नात्यातली.

कंपनीनं इंजिनाला त्याचंच उष्टं खायला लावलंय.
सोडलेला धूर थोडा परत आत,
म्हणजे आतला जाळ मवाळ राहतो,
आणि जाळ मवाळ राहिला की तो दुसरा वायू,
जो टेलपाइपशी दिसत नाही,
कमी निघतो.
युक्ती वाईट नाही.
फक्त उष्टं साठतं, घसा बुजतो,
आणि घाटात मागचा टँकर हॉर्नवर हात ठेवून बसतो.

हे सालमला कुठल्या भाषेत सांगायचं?
"ये बंद करेगा, गाडी अच्छा. हवा खराब."
त्यानं वर बघितलं, वादी कबीरच्या डोंगरांवरून
पार समुद्राच्या बाजूपर्यंत.
"हवा तो बहोत है," म्हणाला.

बंद करायला पत्रा हवा, न गंजणारा.
शुक्रवार. दुकानांची शटरं खाली.
खोलीवर नाटेकरचं ताट होतं,
व्हिसा संपला तेव्हा घाईत राहिलेलं,
पाठीवर टाचणीच्या टोकाएवढ्या ठिपक्यांनी कोरलेलं:
चि. सौ. कां. वैजयंतीस आत्याकडून सप्रेम भेट.
कातरीनं कापलं, कानशीनं कड मारली,
पातळ होतं म्हणून दोन थर, बोल्टांना दोन भोकं.
वैजयंती कचऱ्यात गेली, आत्याही.
उरलं तेवढं धूर आणि हवेच्या मधे
बसवून आवळलं.

मग पंपाचा स्क्रू. पाव आटा दिला.
"अजून," सालम म्हणाला.
अजून दिला असता तर ताकद आली असती
आणि मागे काळा पदर सुटला असता
रुवीच्या चौकापर्यंत, पोलिसांच्या नजरेत भरणारा.
मी पाव आट्यावरच थांबलो.
रेस केली: पाठीमागे काही नाही,
ऊन थरथरल्यासारखं, इतकंच.
सालमनं हात जोडल्यासारखे केले.
मी कोंबडं झाकलं होतं,
ते त्याला काय ठाऊक.

त्या ऑगस्टात, आणि पुढच्याही,
संध्याकाळी रुवीवर तपकिरी साय धरायची.
कढईच्या काठांसारखे डोंगर चारी बाजूंनी,
आत आम्ही, बसगाड्या, जनरेटर,
आणि मी बसवलेले असे अकरा पत्रे.
बाकीचे दहा रीतसर, बाजारातले.
घसा खवखवला की मी एसीला दोष द्यायचो.
एसीचाही असेलच थोडा.

वर्षानं मुल्कियासाठी पिकअप परत आली.
तपासणीपुरता पत्रा काढायचा, मग पुन्हा लावायचा,
हे आता सालमच मला समजावतो.
डिझेल वाचलं, घाट तिसऱ्यावर चढतो,
आणि ही घे, म्हणून कागदात गुंडाळलेली सुरमई.
पत्रा हातात घेतला.
धुराकडची बाजू तव्यासारखी.
हवेकडची मात्र लखलखीत,
सप्रेम भेट, काना-मात्रा शाबूत.
मी तो कागदावर ठेवला, सुरमईशेजारी,
आणि उगाच बराच वेळ उलटापालटा करत बसलो.

रात्री नाटेकरचा फोन.
गुहागरला बरं आहे, खोकला राहिलाय थोडा,
स्प्रे पेंटिंगचा जुना, जाईल म्हणे.
मग मागून बायकोचा आवाज,
आणि तो, जरा ओशाळून:
"अरे, ती विचारतेय, आत्याचं ताट
तिकडंच राहिलंय का?"

"आहे," मी म्हटलं.
"वापरात आहे."