चारशे ग्रॅम

हळद हाताला लागते ती लागतेच.
राख, लिंबू, रॉकेल, सगळं करून झालं.
देवळात मागच्या बाकावरूनही ओळखू येतो
सांगली मार्केट यार्डातला तोलार, याकोब आवळे:
ज्याच्या गीतपुस्तकाच्या कडा पिवळ्या, तो.

मालक म्हणाले, याकोबा, पोत्यामागं चारशे ग्रॅम.
पोत्यावर धूळच तेवढी असते.
मला पोत्यामागं दोन रुपये.
सुवार्ताची मिरजेला नर्सिंगची पहिली फी भरायची होती.
मी मान हलवली. तोंडानं हो म्हणालो नाही.
पुष्कळ दिवस मला याचंच समाधान होतं.

काम सोपं.
सकाळी काट्यावर चारशेचं काहीतरी ठेवायचं,
शून्याचं बटण दाबायचं, मग ते उचलून घ्यायचं.
मालकांनी दगड दिला होता.
दगड कुणाच्या तरी डोळ्यांवर आला असता.
मी रिबकानं फडक्यात बांधून दिलेल्या भाकऱ्या ठेवल्या,
तीन, जोंधळ्याच्या. नेमक्या चारशे भरल्या.
भाकरीवर कोण संशय घेतो?
दुपारी त्याच मी कांद्याबरोबर खाल्ल्या.
असे एकवीस दिवस.

मग पहिला रविवार आला. प्रभुभोजन.
ताटात पावाचे पांढरे चौकोनी तुकडे,
एकेक तुकडा दोन ग्रॅमसुद्धा नसेल
(माझे डोळे तोलाराचे, मला कळतं).
ताट माझ्यापुढं आलं
आणि मी ते तसंच पुढं दिलं,
शेजारच्या अमोसमास्तरांच्या हातात.
प्यालाही दिला.
रिबका बायकांच्या बाजूनं बघत होती.
घरी येताना रस्ताभर काही बोलली नाही,
फक्त गणपती पेठेच्या वळणावर म्हणाली,
पोट बिघडलंय का?

सोमवारी भाकऱ्या मी पिशवीतच ठेवल्या.
काटा रिकामा होता आणि शून्य दाखवत होता.
मालकांनी संध्याकाळी आकडे बघितले.
ओरडले नाहीत. शहाणा माणूस.
आठवडाभरात मी हमालांत होतो.

वहीत वीस नावं होती.
पहिलं देवगोंडा पाटील, समडोळी. एकतीस पोती.
बारा किलो चारशे ग्रॅम, त्या दिवशीच्या भावानं
आठशे अडुसष्ट रुपये.
ते घेऊन एसटीनं गेलो.
देवगोंडा आण्णा सोप्यात पेपर वाचत बसले होते.
सांगून टाकलं सगळं, भाकऱ्यांसकट.
ते एवढे हसले की चष्मा काढावा लागला.
"आरं, आमाला काय ठावं न्हाई व्हय?
म्हणून तर आमीबी पोत्यावर रात्री पाणी मारतो.
तू चारशे काढलंस, मी पाचशे घातलं.
फिटलं! चहा घे."

फिटलं.
केवढा हलका शब्द. हातातल्या नोटा
माझ्या खिशाकडं आपोआप वळत होत्या,
हे मी इथं लिहितो कारण तेही लिहायला हवं.
मग त्या पेपरवर ठेवल्या, वर तांब्या ठेवला
आणि उठलो.
आण्णांचं हसू गेलं.
दारापर्यंत मागं आले, चिडून म्हणाले,
"आणि आता माझ्या पाण्याचं मी काय करू रं?"

मला माहीत नव्हतं. सलाम करून निघालो.

वहीत अजून एकोणीस नावं आहेत.
एक बेडगचं आहे, एकाचा पत्ताच नाही.
हमालीतून महिन्याला एखादंच फिटतं,
सुवार्ताची दुसरी फी तशीच डोक्यावर.
आता मी पोती तोलत नाही, उचलतो,
आणि खरं सांगायचं तर
पाठीला चारशे ग्रॅमचा फरक कळत नाही.

रिबका अजून तीनच भाकऱ्या बांधते.
दुपारी सावलीत बसल्यावर
फडकं थोडा वेळ तळहातावर धरतो.
मग सोडतो, आणि खातो.